स्टॉकपोर्टची ट्राम : शेवटच्या चार किलोमीटरांचा प्रश्न

इंग्लंडच्या वायव्य भागात मँचेस्टर शहराभोवती दहा नगरविभागांची मिळून जी एक विस्तीर्ण वस्ती झाली आहे, तिला बृहन्मँचेस्टर असे म्हटले जाते. या दहांपैकी सात विभागांत ट्राम पोहोचली. बोल्टन, विगन आणि स्टॉकपोर्ट हे तीन विभाग मात्र तिच्यावाचून राहिले. त्यांतही स्टॉकपोर्टची हकिगत विशेष विचार करण्यासारखी आहे. मँचेस्टरहून दक्षिणेकडे निघालेली ट्राम मे २०१३ मध्ये ईस्ट डिड्सबरी या थांब्यापर्यंत आली आणि तेथेच तिचे रूळ संपले. त्या थांब्यापासून स्टॉकपोर्टचा मध्यभाग सरळ रेषेत अवघा चार किलोमीटर आहे. एवढे थोडे अंतर राहिले असता ट्राम थांबली का, आणि ती पुढे न्यावी असा आग्रह तेथील लोक का धरतात, हे समजून घेतले तर नगरांच्या दळणवळणाविषयी एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते.

स्टॉकपोर्ट हे काही आडवळणाचे खेडे नव्हे. नगरविभागाची वस्ती सुमारे तीन लाख आहे. गोयट आणि टेम या दोन नद्यांचा संगम या गावात होतो आणि तेथून पुढच्या प्रवाहाला मर्सी हे नाव मिळते. पुढे लिव्हरपूलचे बंदर जिच्या मुखाशी वसले, तीच ही मर्सी. कापडाच्या गिरण्या आणि फेल्टच्या टोप्या यांसाठी हे गाव एके काळी नावाजलेले होते. गावाची खूण म्हणजे नदीच्या खोऱ्यावरून जाणारा आगगाडीचा विटांचा पूल. १८४० साली पुरा झालेल्या या पुलाला २७ कमानी असून तो सुमारे ३३ मीटर उंच आहे आणि त्याला एक कोटीहून अधिक विटा लागल्या. पुलावरून लंडनच्या गाड्या धावतात. खाली त्याच कमानींतून मँचेस्टरला वळसा घालणारा मोठा मोटारमार्ग जातो. आगगाडी डोक्यावरून आणि मोटारमार्ग पायाखालून जात असता या गावाला आणखी ट्राम कशासाठी हवी, असा प्रश्न कोणालाही पडेल.

उत्तराचा काही भाग इतिहासात आहे. स्टॉकपोर्टमध्ये १९०१ साली विजेची ट्राम सुरू झाली होती. ती मँचेस्टरकडे तर जातच असे, पण त्याखेरीज हाइड, गॅटली, रेडिश अशा आजूबाजूच्या वस्त्यांकडेही तिचे फाटे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील बहुतेक नगरांत ट्रामचे रूळ झिजलेले होते, ते बदलण्याचा खर्च मोठा होता आणि बसला रूळ किंवा विजेची तार काहीच लागत नसे. साहजिकच एकामागून एक नगरांनी ट्राम बंद केली. मँचेस्टरने ती १९४९ साली बंद केली आणि २५ ऑगस्ट १९५१ रोजी स्टॉकपोर्टची ट्रामही थांबली. मुंबईत ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही अखेरची ट्राम धावली, तिच्यामागची कारणेही फारशी निराळी नव्हती. त्या काळी हा निर्णय सर्वत्र शहाणपणाचा वाटला. पुढे मोटारी इतक्या वाढतील की त्यांच्या गर्दीत बसही अडकून पडेल, ही गोष्ट तेव्हा फार थोड्यांच्या ध्यानात आली होती.

मँचेस्टरमध्ये ट्राम परतली ती १९९२ साली. तिची रचना जुन्या ट्रामपेक्षा वेगळी आणि मोठी युक्तीची आहे. शहराच्या उत्तरेस बरीकडे आणि दक्षिणेस ऑल्ट्रिंगहॅमकडे जाणारे दोन उपनगरी लोहमार्ग तेथे पूर्वीपासून होते. पण त्यांची शहरातील स्थानके दोन टोकांना होती आणि मधले अंतर उतारूंना पायी किंवा बसने काटावे लागे. शहरातील रस्त्यांवर रूळ टाकून हे दोन्ही मार्ग एकमेकांना जोडण्यात आले. त्यामुळे गावाबाहेर आगगाडीसारखी स्वतःच्या वेगळ्या मार्गावरून वेगाने धावणारी आणि गावात शिरताच रस्त्यावरून सावकाश जाणारी अशी एक गाडी तयार झाली. पुढील अठ्ठावीस वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचा विस्तार होऊन ९९ थांबे आणि सुमारे १०३ किलोमीटर मार्ग असे जाळे उभे राहिले. वर्षाकाठी चार कोटींहून अधिक प्रवास या ट्रामने होतात.

या रचनेतच स्टॉकपोर्टच्या अडचणीचे मूळ आहे. जेथे बंद पडलेला किंवा कमी वापराचा लोहमार्ग तयार होता, तेथे ट्राम नेणे सोपे आणि स्वस्त होते. ईस्ट डिड्सबरीची ट्राम ज्या मार्गावरून धावते तो लोहमार्ग १८८० साली बांधलेला होता आणि तो पुढे स्टॉकपोर्टच्या टिव्हियट डेल स्थानकाला जोडलेला होता. जानेवारी १९६७ मध्ये तेथील उतारूंची वाहतूक बंद झाली. चॉर्ल्टनपासून डिड्सबरीपर्यंतची मोकळी पट्टी पुढे बहुतांशी रिकामीच राहिली. पण स्टॉकपोर्टच्या हद्दीत मात्र तीच जमीन मोटारमार्गाने आणि नव्या बांधकामांनी व्यापली. म्हणजे ट्राम ज्या ठिकाणी थांबली ते ठिकाण लोकांची गरज संपली म्हणून ठरलेले नाही. तयार जमीन संपली म्हणून ते ठरले. ज्या गावाने आपला जुना लोहमार्ग मोटारींना देऊन टाकला, त्याला पन्नास वर्षांनंतर त्याची किंमत मोजावी लागत आहे.

जमिनीच्या जोडीला पैशाचाही प्रश्न आला. २००० साली आखलेल्या विस्ताराच्या मोठ्या योजनेत स्टॉकपोर्टचे नाव होते. जुलै २००४ मध्ये खर्च वाढत चालल्याचे कारण देऊन सरकारने ती योजना थांबवली. नंतर मोटारींवर गर्दीचा कर बसवून त्या उत्पन्नाच्या आधारे दळणवळण सुधारावे असा प्रस्ताव पुढे आला. डिसेंबर २००८ मध्ये त्यावर मतदान झाले, तेव्हा जवळजवळ ऐंशी टक्के मते विरुद्ध पडली आणि दहाही विभागांनी तो फेटाळला. त्यानंतर नगरविभागांनी एकत्र येऊन सुमारे दीड अब्ज पौंडांचा निधी उभारण्याची योजना केली. तिच्यातून ओल्डहॅम, रॉचडेल, ॲश्टन, विमानतळ आणि ईस्ट डिड्सबरी हे मार्ग झाले. निधीच्या मर्यादेत जे बसले ते झाले, आणि शेवटचे चार किलोमीटर तिच्याबाहेर राहिले.

आता मूळ आक्षेपाकडे वळावे. स्टॉकपोर्टहून मँचेस्टरच्या मुख्य स्थानकाला आगगाडीने सुमारे दहा मिनिटे लागतात. डिड्सबरी आणि चॉर्ल्टन असा वळसा घेत जाणाऱ्या ट्रामला त्याच्या तिप्पट तरी वेळ लागेल. मग ट्रामचा उपयोग काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. स्टॉकपोर्टच्या टोकाहून मँचेस्टरच्या मध्यभागी जाणारा माणूस आगगाडीच पकडील. ‘राजधानीला लवकर पोहोचू’ एवढाच मुद्दा घेऊन ट्राम मागितली, तर ती मागणी फार काळ टिकणार नाही.

परंतु एखाद्या नगरातील लोक केवळ मोठ्या शहराच्या मध्यभागी जाण्यासाठीच घराबाहेर पडतात, असे नाही. कोणाची नोकरी शेजारच्या उपनगरात असते, कोणाचे महाविद्यालय तिसऱ्याच गावी असते, कोणाला आप्तांकडे किंवा रुग्णालयात जायचे असते. आगगाडीचे मार्ग चाकाच्या आऱ्यांसारखे मध्याकडे धावतात. एका आऱ्यावरून दुसऱ्यावर जायचे तर आधी मध्यापर्यंत जाऊन पुन्हा बाहेर यावे लागते. स्टॉकपोर्टहून डेंटनमार्गे स्टेलिब्रिजकडे जाणारा एक आडवा लोहमार्ग आजही जमिनीवर आहे. पण त्या वाटेवरील डेंटन आणि रेडिश साउथ या स्थानकांवर वर्षानुवर्षे आठवड्यातून एकच उतारू गाडी येत राहिली. रूळ आहेत, स्थानके आहेत, पण आडव्या प्रवासाला आगगाडीचा उपयोग जवळजवळ शून्य, अशी ही स्थिती आहे. जुन्या ट्रामचे हाइड आणि रेडिशचे फाटे नेमकी हीच गरज भागवीत होते.

ईस्ट डिड्सबरीचे रूळ स्टॉकपोर्टपर्यंत आले, तर काय फरक पडेल हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इंदूरच्या क्रिकेटप्रेमींना ओल्ड ट्रॅफर्ड हे नाव अपरिचित नाही. १९३६ साली तेथील कसोटी सामन्यात विजय मर्चंट आणि इंदूरचे मुश्ताक अली यांनी दोघांचीही शतके झळकवीत सलामीला २०३ धावांची भागी केली होती. त्या मैदानाला लागूनच ट्रामचा थांबा आहे. आज स्टॉकपोर्टच्या माणसाला आगगाडीने तेथे जायचे तर आधी मँचेस्टरच्या मुख्य स्थानकावर उतरून, शहराच्या गर्दीतून ट्रामने पुन्हा बाहेर यावे लागते. ईस्ट डिड्सबरीची ट्राम मात्र शहरात शिरण्यापूर्वीच ट्रॅफर्ड बार या थांब्यावर दुसऱ्या मार्गाला मिळते आणि ओल्ड ट्रॅफर्ड हा तेथून पुढचाच थांबा आहे. डिड्सबरी, विदिंग्टन, चॉर्ल्टन या दाट वस्तीच्या उपनगरांनाही हेच लागू आहे. शिवाय ही ट्राम मँचेस्टर ओलांडून ओल्डहॅम आणि रॉचडेलच्या दिशेने जाते. म्हणजे चार किलोमीटर रूळ टाकून स्टॉकपोर्टला केवळ चार किलोमीटरांची वाट मिळत नाही, तर आधीच तयार असलेल्या शंभर किलोमीटरांच्या जाळ्यात जागा मिळते. हाच या मागणीचा गाभा आहे.

दुसरा मुद्दा आगगाडीच्या ताकदीचा. स्टॉकपोर्टच्या पुलावरून लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि बक्स्टन अशा सर्व दिशांच्या गाड्या जातात. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या आणि जागोजाग थांबणाऱ्या उपनगरी गाड्या एकाच वाटेवर असल्या की दोहोंची कुचंबणा होते. लंडनहून मँचेस्टरपर्यंत स्वतंत्र अतिजलद लोहमार्ग झाला असता, तर या वाटेवरील काही भार उतरला असता. परंतु त्या योजनेचा उत्तरेकडील भाग सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. तेव्हा जवळच्या प्रवासाचा भार वाहण्यासाठी आगगाडीखेरीज दुसरे साधन शोधणे भाग आहे.

मग बस का नको, असे विचारले जाईल. बसला कमी लेखण्याचे कारण नाही. जानेवारी २०२५ पासून स्टॉकपोर्टच्या बसगाड्या पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आल्या आहेत आणि मार्च २०२४ मध्ये पुलाच्या पायथ्याशी नवे बसस्थानकही उघडले आहे, त्याच्या छतावर चक्क एक बाग आहे. दूरदूरच्या गल्लीबोळांपर्यंत पोहोचण्याचे काम बसनेच करावयाचे आहे. पण बसचा वेळ रस्त्यावरील गर्दीच्या हाती असतो. सकाळी वीस मिनिटांत होणारा प्रवास संध्याकाळी चाळीस मिनिटांचा झाला, तर नोकरीवर जाणारा माणूस चाळीस मिनिटांचाच हिशेब धरतो. मँचेस्टरची एक ट्राम सुमारे अठ्ठावीस मीटर लांब असून तिच्यात उभे आणि बसलेले मिळून दोनशेच्या आसपास उतारू मावतात. दोन गाड्या जोडल्या की एकाच चालकाच्या हाताखाली चारशे माणसे जातात. अर्थात एवढे उतारू असतील तरच ट्राम परवडते. ज्या वाटेवर बसगाड्या अर्ध्या रिकाम्या धावतात, तेथे ट्राम मागणे हा निव्वळ हौसेचा भाग ठरेल.

स्टॉकपोर्टमध्ये इतके उतारू मिळतील, असे मानण्यास आधार आहे. २०१९ साली गावाच्या मध्यभागाच्या पश्चिमेस जुन्या कारखान्यांच्या जमिनीवर हजारो घरे बांधण्यासाठी खास महामंडळ स्थापन झाले. मध्यवस्तीत घरे बांधायची आणि प्रत्येक घरामागे एक मोटार उभी करायची, हे एकत्र शक्य नसते, कारण जागा एक तर माणसांना मिळेल किंवा मोटारींना. बसचा मार्ग उद्या बदलता येतो, हा तिचा गुण आहे आणि दोषही. रस्त्यात रूळ पुरले की ते पन्नास वर्षे हलत नाहीत, आणि म्हणूनच घर घेणारा व दुकान थाटणारा त्यांवर विसंबून निर्णय घेतो.

आता खर्च आणि अडचणी यांचा विचार टाळून चालणार नाही. स्टॉकपोर्ट खोऱ्यात वसले आहे. नदी, मोटारमार्ग, चढउतार आणि बांधलेली वस्ती यांतून वाट काढावी लागेल. काही ठिकाणी पूल बांधावे लागतील, काही ठिकाणी रस्त्यावरून जावे लागेल आणि रस्त्यावर ट्राम आली की मोटारींची जागा कमी होईल. मँचेस्टरमध्येच मार्च २०२० मध्ये ट्रॅफर्ड पार्कचा साडेपाच किलोमीटरांचा मार्ग खुला झाला, त्याला सहा थांब्यांसह सुमारे ३५ कोटी पौंड लागले. म्हणजे दर किलोमीटरला सहा कोटी पौंडांहून अधिक. त्या मार्गावर पहिली ट्राम धावल्याच्या दुसऱ्याच दिवशी देशभर टाळेबंदी जाहीर झाली. उतारूंचे अंदाज कितीही काळजीपूर्वक बांधले, तरी काळ ते कसे उलथून टाकतो, याचा हा दाखला विसरता येणार नाही.

स्कॉटलंडच्या राजधानीचा अनुभव याहून बोलका आहे. एडिंबरोची नवी ट्राम २०११ साली सुरू व्हावयाची होती. ती २०१४ साली, ठरलेल्यापेक्षा आखूड मार्गावर सुरू झाली आणि खर्च ७७ कोटी ६० लाख पौंडांवर गेला. रस्त्याखालील पाण्याचे, गटारांचे आणि गॅसचे नळ हलविताना झालेला घोळ, कंत्राटदारांशी झालेले तंटे आणि कारभारातील चुका यांची चौकशी होऊन अहवाल बाहेर पडायला २०२३ साल उजाडले. पण त्याच वर्षी जूनमध्ये त्याच नगराने राहून गेलेला सुमारे पावणेपाच किलोमीटरांचा न्यूहेव्हनपर्यंतचा टप्पा २० कोटी ७० लाख पौंडांच्या ठरलेल्या रकमेत पुरा केला. आधी चुका झाल्या, त्यांतून धडा घेतला गेला, आणि दुसऱ्या वेळी काम नीट झाले. स्टॉकपोर्टने एडिंबरोच्या या दोन्ही टप्प्यांचा अभ्यास केला पाहिजे. केवळ पहिल्याकडे बोट दाखवून ट्राम नाकारणे जितके चूक, तितकेच केवळ दुसऱ्याकडे पाहून निर्धास्त होणेही चूक.

पैसा कोणी द्यावा, हाही प्रश्न आहे. नॉटिंगहॅम नगराने २०१२ पासून कामाच्या ठिकाणी मोटारी उभ्या करण्याची सोय देणाऱ्या मोठ्या मालकांवर कर बसवला आणि त्या उत्पन्नाचा आधार घेऊन २०१५ साली ट्रामचे दोन नवे मार्ग खुले केले. फ्रान्समध्ये मालकांकडून वेतनाच्या प्रमाणात वाहतूक कर घेण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून आहे, आणि तेथील अनेक नगरांत ट्राम परतली त्यामागे या कराचा मोठा हात आहे. ट्रामचा लाभ केवळ तिकीट काढणाऱ्याला होत नाही. ज्याच्या कचेरीत माणसे वेळेवर पोहोचतात, ज्याच्या जमिनीचा भाव वाढतो, त्यालाही तो होतो. तेव्हा खर्चात त्याचा वाटा असावा, हे तत्त्व न्यायाचे आहे. २००८ च्या मतदानात लोकांनी नाकारला तो मोटार चालवणाऱ्यावरचा कर होता. भाराची वाटणी कशी करायची, हा विचार त्याने संपत नाही.

जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी नगरप्रदेशांच्या दळणवळणासाठी पंधरा अब्ज साठ कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली. त्यांतील अडीच अब्ज पौंड बृहन्मँचेस्टरच्या वाट्याचे आहेत आणि ज्या कामांची नावे तेव्हा घेतली गेली, त्यांत स्टॉकपोर्टपर्यंत ट्राम नेण्याचे काम होते. स्टॉकपोर्टमध्ये आनंद झाला, हे साहजिक होते. परंतु घोषणा म्हणजे रूळ नव्हेत. वाट निश्चित करणे, जमिनीची मोजणी, रस्त्याखालच्या नळांचा तपास, नागरिकांच्या हरकती ऐकणे, कायद्याने लागणारी परवानगी मिळवणे आणि मग कंत्राट देणे, अशा पायऱ्या चढल्याखेरीज कुदळ पडत नाही. १८८० च्या लोहमार्गाचा दाखला डोळ्यांपुढे ठेवून एक काम तर तातडीने करण्यासारखे असते. ज्या जमिनीवरून ट्राम जाण्याचा संभव आहे, तिच्यावर नवी इमारत उभी राहू न देणे. यास फारसा पैसा लागत नाही, केवळ दूरदृष्टी लागते.

स्टॉकपोर्टच्या बाजूने जे म्हणता येते, ते याप्रमाणे आहे. गावाला मँचेस्टरपर्यंत जलद वाहन आधीच आहे. त्याला हवी आहे ती शेजाऱ्यांकडे जाण्याची वाट. ती वाट बांधण्याचा मोठा खर्च पूर्वीच झाला असून तिचे तोंड गावापासून चार किलोमीटरांवर येऊन थांबले आहे. उतारू मिळतील असा पुरावा, नळ आधी हलविण्याची दक्षता आणि खर्चाची न्याय्य वाटणी या तीन अटी पाळल्या, तर हे चार किलोमीटर बांधणे हा उधळेपणा ठरणार नाही. त्या पाळता येत नसतील, तर तोच पैसा चांगल्या बससेवेवर घालणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. निर्णय कोणताही होवो, तो घेताना ‘मध्यभागी किती मिनिटांत पोहोचतो’ एवढेच न मोजता, ‘एका गावचा माणूस शेजारच्या गावी कसा जातो’ हेही मोजले जावे. नगरांचे नकाशे काढणाऱ्यांकडून हा दुसरा प्रश्न नेहमी मागे पडतो, आणि स्टॉकपोर्टच्या चार किलोमीटरांनी तो पुन्हा पुढे आणला आहे.